हैदराबादचा ॲस्ट्रोग्राफ आणि पंच्याऐंशी वर्षांनी कामाला आलेल्या काचा

आख्ख्या आकाशाचे फोटो काढायचे, ११व्या प्रतीपर्यंतच्या (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) प्रत्येक ताऱ्याची जागा त्या फोटोवरून मोजून छापायची, आणि हे सगळं जगभरातल्या वेधशाळांनी आकाश आपसात वाटून घेऊन एकाच मापाच्या यंत्रांनी करायचं, असा बेत एप्रिल १८८७मध्ये पॅरिसच्या परिषदेत ठरला. प्रकल्पाचं नाव कार्त दु सिएल, म्हणजे आकाशाचा नकाशा. अंदाज होता दहा-पंधरा वर्षांचा. प्रत्यक्षात तारासूचीचे शेवटचे खंड छापून यायला १९६४ उजाडलं, आणि सूचीच्या जोडीला जो मोठा नकाशा करायचा होता तो तर पुरा झालाच नाही, शेवटी १९७०ला आंतरराष्ट्रीय खगोल संघाने त्या कामाची समितीच बंद केली. त्यामुळे खगोलशास्त्राच्या इतिहासात हा प्रकल्प बऱ्याचदा फसलेल्या कामाचं उदाहरण म्हणून सांगितला जातो. मला ते अर्धंच पटतं. कुठलं अर्धं पटतं आणि कुठलं नाही हे बघायला हैदराबादची निजामिया वेधशाळा फार चांगलं उदाहरण आहे, कारण ती या कामात उशिरा आली, लहान भिंग घेऊन आली, आणि तरी आकाशाचे दोन पट्टे पुरे करून मोकळी झाली.

आधी थोडं मागे जाऊ. १८८०च्या आसपास ताऱ्यांचे नकाशे डोळ्याने बघून हातानेच काढले जायचे. पॅरिस वेधशाळेत पॉल आणि प्रॉस्पर हेन्री हे दोघे भाऊ क्रांतिवृत्ताजवळचे, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या मार्गाजवळचे, तारे एकेक करून नकाशावर मांडत होते, हेतू लघुग्रह शोधायचा, कारण नकाशात नसलेला ठिपका दिसला तर तो लघुग्रह असू शकतो. १८८४ला हे काम आकाशगंगेच्या पट्ट्यापर्यंत आलं आणि तिथे ताऱ्यांची इतकी गर्दी की हाताने मांडणं अशक्यच झालं. तिकडे दक्षिण आफ्रिकेत केप वेधशाळेत डेव्हिड गिलने १८८२च्या मोठ्या धूमकेतूचा फोटो काढायला तिथल्याच एका फोटोग्राफरचा कॅमेरा दुर्बिणीवर बांधला होता, धूमकेतू तर आलाच पण त्याच्या मागे तारेच तारे उमटले. कोरड्या जिलेटिनच्या प्लेटा नुकत्या मिळायला लागल्या होत्या म्हणून हे जमलं. आधीची ओली प्लेट सुकायच्या आत वापरावी लागायची, कोरडी प्लेट मात्र तासभर आकाशाकडे उघडी ठेवली तरी चालते आणि जितका वेळ ठेवाल तितके मंद तारे उमटत जातात. डोळ्याला हे जमत नाही, डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही.

हेन्री बंधू भिंगं घासण्यात तरबेज होते. त्यांनी खास फोटोसाठी ३३ सेंटिमीटरचं भिंग बनवलं आणि नोव्हेंबर १८८५मध्ये त्या दुर्बिणीने कृत्तिकांचा फोटो घेतला तर माया नावाच्या ताऱ्याला चिकटलेला एक तेजोमेघ दिसला जो तोपर्यंत कोणीही डोळ्याने पाहिलेला नव्हता. पॅरिस वेधशाळेचे संचालक ॲडमिरल अर्नेस्ट मूशे हा माणूस मुळात नौदलातला, समुद्रकिनाऱ्यांचे नकाशे करण्यात आयुष्य घालवलेला. त्याने हे फोटो बघितले, गिलशी पत्रव्यवहार झाला, आणि आकाशाचा नकाशाही सगळ्या देशांनी मिळून करावा हा विचार पक्का झाला. पन्नासहून जास्त शास्त्रज्ञ पॅरिसला जमले ते यामुळे.

आता यंत्राबद्दल सविस्तर बोलायला हवं कारण पुढे जे टिकलं ते यंत्राच्या मापांमुळेच टिकलं असं माझं स्पष्ट मत आहे.

परिषदेने हेन्रींची दुर्बीण नमुना म्हणून घेतली. भिंग ३३ सेंटिमीटर, फोकल लेंथ, म्हणजे भिंगापासून प्लेटपर्यंतचं अंतर, साधारण ३.४३ मीटर. ही लांबी मुद्दाम निवडलेली आहे. एका रेडियनमध्ये (कोन मोजायचं एकक, साधारण ५७ अंश) ३४३८ आर्कमिनिट (अंशाचा साठावा भाग) बसतात, म्हणून फोकल लेंथ ३४३८ मिलिमीटर ठेवली की आकाशातला एक आर्कमिनिट प्लेटवर बरोबर एक मिलिमीटर होतो. पूर्ण चंद्र या प्लेटवर ३१ मिलिमीटरचा येईल. प्लेट १६ सेंटिमीटर चौरस, आणि त्यातला दोन अंश बाय दोन अंशाचा तुकडा, म्हणजे १२ सेंटिमीटर बाय १२ सेंटिमीटर, मोजायला घ्यायचा. पॅरिसची प्लेट असो नाहीतर सिडनीची, मिलिमीटरमध्ये मोजलं की अंतर थेट आर्कमिनिटमध्ये मिळणार. दुर्बिणीचा व्यास कमी-जास्त झाला तर एक्स्पोजर वाढवून भागतं पण हे प्रमाण बदललं तर सगळ्या वेधशाळांच्या प्लेटा एकमेकींशी जुळायच्या बंद होतात, म्हणून खरी अट प्रमाणाची होती.

दुसरी गोष्ट, भिंगाचा रंग-सुधार. डोळ्यासाठी बनवलेलं भिंग पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला फोकस करतं, पण त्या काळच्या प्लेटांना निळा-जांभळा प्रकाशच कळायचा, त्यामुळे ॲस्ट्रोग्राफचं, म्हणजे या फोटो काढणाऱ्या दुर्बिणीचं, भिंग निळ्यासाठी घासलेलं असायचं आणि त्यातून डोळ्याने बघितलं तर तारा फिसकटलेला दिसतो. म्हणून एकाच माउंटवर शेजारी दुसरी, डोळ्याने बघायची दुर्बीण बसवलेली असे. एक्स्पोजर चालू असताना निरीक्षक त्या दुसऱ्या दुर्बिणीतून एक तारा क्रॉस-वायरवर धरून बसायचा, घड्याळाच्या यंत्रणेने दुर्बीण फिरत असली तरी ती थोडी पुढे-मागे व्हायचीच, ते हाताने सावरत राहायचं. लक्ष हललं की प्लेटवरचे सगळे तारे लांबट.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते ती म्हणजे जाळी, रेझो. चांदीचा मुलामा दिलेल्या काचेवर ५ मिलिमीटर अंतराने उभ्या-आडव्या बारीक रेघा ओढलेल्या असत. आकाशाचा फोटो घेण्याआधी किंवा नंतर ही जाळी प्लेटवर ठेवून तिच्यातून प्रकाश टाकायचा म्हणजे रेघांचा ठसा ताऱ्यांच्याच थरात उमटतो. प्लेट डेव्हलप करताना, धुताना, सुकवताना जिलेटिनचा थर कुठे जराही ताणला किंवा आकसला तर त्या ठिकाणच्या रेघाही तितक्याच सरकतात, आणि ताऱ्याचं अंतर जवळच्या रेघेपासूनच मोजायचं असल्यामुळे ती चूक आपोआप बाजूला पडते. शिवाय मोजणाऱ्याला १२ सेंटिमीटरचा लांब स्क्रू लागत नाही, ५ मिलिमीटरच्या एका चौकोनापुरतं मायक्रोस्कोपमध्ये बघितलं की झालं. त्या काळात लांब आणि अचूक स्क्रू बनवणं किती अवघड होतं हे लक्षात घेतलं तर ही युक्ती किती मोलाची होती ते कळतं.

आणि प्लेटा अशा मांडायच्या की एका प्लेटचा कोपरा दुसरीच्या मध्यावर पडावा. म्हणजे प्रत्येक तारा निदान दोन प्लेटांवर, एकीवर कडेला असेल तर दुसरीवर मधोमध जवळ, कारण कडेला भिंगाचे दोष जास्त. आख्खं आकाश साधारण ४१,२५३ चौरस अंशांचं, एका प्लेटमध्ये ४ चौरस अंश, दोनदा झाकायचं, म्हणजे हिशेब २०,००० च्या वर जातो, आणि प्रत्यक्ष योजना सुमारे २२,००० प्लेटांची होती. हे फक्त सूचीसाठी हां. नकाशासाठी वेगळ्या प्लेटा, त्याकडे नंतर येतो.

आता हैदराबाद.

नवाब झफर जंग हे हैदराबादचे एक अमीर, खगोलाची मनापासून आवड. त्यांनी इंग्लंडमधून दुर्बिणी आणवल्या आणि १९०१मध्ये शहराजवळ फिसलबंड्याला स्वतःची वेधशाळा काढली, निजामाच्या परवानगीने नाव निजामिया. त्यांच्याकडे दोन मुख्य यंत्रं, ग्रब कंपनीची १५ इंची दुर्बीण आणि कुक कंपनीचा ८ इंची ॲस्ट्रोग्राफ. नवाबांच्या निधनानंतर १९०८ला वेधशाळा निजाम सरकारने ताब्यात घेतली, आर्थर चॅटवुड संचालक म्हणून आले आणि वेधशाळा बेगमपेटला गेली. १५ इंची दुर्बीण उभी राहायला तर १९२२ उजाडलं, पण ॲस्ट्रोग्राफ त्याच्या कितीतरी आधी कामाला लागला होता, कारण त्याच्यासाठी काम तयार होतं.

ते काम कसं तयार झालं? १८८७च्या वाटपात दक्षिण अमेरिकेतल्या सांतियागो, ला प्लाता आणि रिओ दि जानेरो या तीन वेधशाळांनी पट्टे घेतले होते आणि तिघींनाही ते झेपले नाहीत. रिकाम्या पट्ट्यांसाठी नवे भिडू हवे होते. सांतियागोचा उणे १७ ते उणे २३ अंश क्रांतीचा (क्रांती म्हणजे आकाशातला अक्षांश, उणे म्हणजे दक्षिणेचा) पट्टा हैदराबादकडे आला, कॉर्दोबा आणि पर्थ यांनी इतर पट्टे उचलले. हैदराबादचा अक्षांश १७.४ उत्तर, त्यामुळे हा पट्टा मध्यावर येतो तेव्हा क्षितिजापासून साधारण ५० ते ५५ अंश वर असतो. युरोपातून हा पट्टा इतका खाली दिसतो की तिथून नीट फोटो निघणं अवघड, म्हणून हैदराबादची जागा सोयीची होती. अनुराधा नक्षत्राच्या ओळीतले वरचे दोन ठळक तारे याच पट्ट्यात येतात, आणि धनु राशीतला आकाशगंगेचा फार दाट भागही. त्या दाट भागाची अडचण ही की तो मध्यरात्री मध्यावर येतो जूनच्या शेवटाला, म्हणजे नेमका दख्खनच्या पावसाळ्यात! म्हणजे मार्च-एप्रिल-मे मध्ये पहाटेपर्यंत जागून तो पकडायचा किंवा पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात संध्याकाळी पश्चिमेला कलताना. सगळ्यात जास्त तारे जिथे, तिथेच सगळ्यात कमी रात्री. हैदराबादच्या या पट्ट्यातल्या प्लेटा १९१४ ते १९२९ एवढ्या काळात पसरल्यात आणि त्यामागे ही एक गोष्ट नक्की असणार असं मला वाटतं.

भिंगही लहान. ८ इंच म्हणजे २० सेंटिमीटर, नमुन्याच्या ३३ सेंटिमीटरच्या मानाने प्रकाश एक तृतीयांशाच्या थोडाच वर. पण वर म्हटलं तसं, प्रमाण राखलं आणि जाळी वापरली की लहान भिंगाची भरपाई एक्स्पोजरने होते, आणि सूचीसाठी लागणारे तारे काही फार मंद नव्हते. परिषदेने एकेका यंत्राच्या दिसण्यापेक्षा मापावर जोर दिला होता त्याचा फायदा इथे हैदराबादला मिळाला.

१९१४ला रॉबर्ट पोकॉक संचालक झाले, ऑक्सफर्डचे खगोलशास्त्रज्ञ टर्नर यांच्या तालमीत तयार झालेले, आणि ऑक्सफर्डने स्वतःचा पट्टा आधीच मोजून संपवलेला असल्यामुळे मोजणीची पद्धत काय, कुठे वेळ जातो, कुठे चुका होतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. काम जोरात सुरू झालं. १९१८ला पोकॉक वारले. अशा वेळी बऱ्याच संस्थांचं काम थांबतं, इथे टी. पी. भास्करन यांनी सूत्रं घेतली आणि १९४४पर्यंत सांभाळली. १९१९ला वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. उणे पट्टा संपत आल्यावर त्यांनी आणखी एक पट्टा उचलला, कारण जर्मनीच्या पॉट्सडॅम वेधशाळेचं काम अर्धवट राहिलं होतं, त्यातला अधिक ३६ ते अधिक ३९ अंशांचा भाग हैदराबादने १९२८ ते १९३८ या काळात केला. अभिजित तारा या पट्ट्यातला. म्हणजे दक्षिणेकडच्या एका देशाचं राहिलेलं आणि युरोपातल्या एका मातब्बर वेधशाळेचं राहिलेलं अशी दोन्ही कामं बेगमपेटच्या एका ८ इंची भिंगाने केली. ही गोष्ट आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात का नाही हे मला खरंच समजत नाही. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेडच्या शेतकऱ्यांचा सारा ज्या तिजोरीत जमा व्हायचा त्याच तिजोरीवर ही वेधशाळा चालली, तेव्हा हा आपलाही वारसा आहे.

पुण्याशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. पुण्यात कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी नायगमवालांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या पैशातून, २० इंची आरशाची दुर्बीण होती, त्या वेळी भारतातली सगळ्यात मोठी. १८९८च्या जानेवारीतल्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला सोलापूरकडे जेऊरला गेले होते आणि तिथे सूर्याच्या वर्णपटाचं चांगलं काम झालं. पण १९१२ला ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली, यंत्रं कोडाईकॅनॉलला पाठवली. दोन्ही वेधशाळा एकेका माणसाच्या ओढीतून जन्मल्या. हैदराबादची तिच्या मालकानंतर, मग संचालकाच्या अकाली मृत्यूनंतरही चालू राहिली. माझा अंदाज असा की निजाम सरकारने ती चालवायला घेतली हे तर आहेच, पण हातात एक ठरलेलं, मापात बांधलेलं, जगाला कबूल केलेलं काम होतं हेही तितकंच महत्त्वाचं. पट्टा घेतलाय तर पुरा करावा लागतो, आणि किती उरलाय हे प्लेटा मोजून रोज सांगता येतं.

मोजणीबद्दल चार शब्द सांगायलाच हवेत कारण फोटो काढणं हा कामाचा लहान भाग होता. डेव्हलप झालेली प्लेट निगेटिव्ह, म्हणजे पांढुरक्या काचेवर काळे ठिपके. ती मोजणीच्या यंत्रात उभी लावायची, मायक्रोस्कोपमधून प्रत्येक ठिपक्याचं डावी-उजवी रेघ आणि वर-खाली रेघ यांपासूनचं अंतर वाचायचं, ठिपक्याच्या आकारावरून तेजस्विता ठरवायची, शेजारी कोणीतरी आकडे लिहून घेणार. बऱ्याच ठिकाणी प्लेट उलटी फिरवून सगळं पुन्हा एकदा मोजायचे म्हणजे मोजणाऱ्याच्या डोळ्याचा कल दोन्ही वेळा उलट्या दिशेने पडून रद्द होतो. गर्दीच्या प्लेटवर हजारभर तारे असू शकतात. पॅरिसला या मोजणी विभागाची प्रमुख डोरोथिआ क्लुम्पके होती. व्हॅटिकनच्या वेधशाळेत चार जोगिणींनी १९१० ते १९२१मध्ये ४,८१,२१५ ताऱ्यांच्या नोंदी केल्या, आणि त्यांची नावं एमिलिया पोन्झोनी, रेजिना कोलोम्बो, कोन्चेत्ता फिनार्दी आणि लुइजिया पान्चेरी ही २०१६पर्यंत कोणाला ठाऊक नव्हती. हैदराबादला मोजणीच्या यंत्रावर बसून ज्यांनी वर्षानुवर्षं आकडे वाचले त्यांचीही नावं अशीच वर यायला हवीत.

आता कुठे चुकलं ते. सूचीच्या जोडीला नकाशा करायचा होता १४व्या प्रतीपर्यंतचा. त्यासाठी एकेका प्लेटवर अर्ध्या-अर्ध्या तासाची तीन एक्स्पोजर, प्रत्येक वेळी दुर्बीण किंचित सरकवून, म्हणजे प्रत्येक तारा तीन ठिपक्यांचा छोटा त्रिकोण म्हणून उमटेल. हेतू चांगला होता, धुळीचा डाग एकटा दिसेल आणि लघुग्रहाचा त्रिकोण वाकडा दिसेल. पण एका प्लेटला दीड तास म्हणजे एका रात्रीत मोजक्याच प्लेटा होणार. त्यावर हे नकाशे मोठे करून तांब्याच्या पत्र्यावर कोरून फोटोग्राव्हुरने छापायचे, आणि ते इतकं महाग की श्रीमंत वेधशाळाही मेटाकुटीला आल्या. दोन अंशांची खिडकी मोजमापासाठी उत्तम होती, नकाशासाठी फारच लहान. हार्वर्डचे एडवर्ड पिकरिंग रुंद क्षेत्राचं दुहेरी भिंग वापरत होते, त्यांच्या २४ इंची ब्रूस दुर्बिणीच्या एका प्लेटवर आकाशाचा कितीतरी मोठा तुकडा येत असे, आणि पेरूतल्या आरेकिपाहून घेतलेल्या तशा प्लेटांवरच हेन्रिएटा लेव्हिटला १९१२ला सेफीड या तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांचा नियम सापडला. पुढे श्मिट कॅमेरा, म्हणजे रुंद क्षेत्राचे फोटो घेणारी दुर्बीण, आला आणि पालोमारच्या ४८ इंची श्मिटने १९४९ ते १९५८मध्ये तिथून दिसणारं जवळपास सगळं आकाश निळ्या आणि लाल अशा दोन्ही प्लेटांवर घेतलं, तेही या नकाशाच्या कितीतरी पुढे जाऊन मंद तारे दाखवणारं. १८८७ला एक यंत्र ठरवलं आणि दोन्ही कामं त्याच यंत्राने करायची असं ठरवलं, ही माझ्या मते मूळ चूक. फ्रान्सच्या वेधशाळांचं तर दोन पिढ्यांचं मनुष्यबळ यात अडकलं आणि वर्णपटाचं, ताऱ्यांच्या भौतिकीचं नवं शास्त्र तोवर अमेरिकेत वाढत गेलं. टीका करणारे हे म्हणतात ते बरोबरच म्हणतात.

तेजस्वितेच्या नोंदींचंही तसंच. जागेसाठी जितका काटेकोरपणा ठेवला तितका तेजस्वितेसाठी ठेवला नाही, जो तो आपापल्या पट्टीने ठरवायचा, त्यामुळे एका वेधशाळेची ११वी प्रत आणि दुसरीची ११वी प्रत जुळत नाही.

गिलने याच्या अगदी उलट वाट आधीच दाखवली होती हेही नोंदवायला हवं. त्याने १८८५पासून केपला कमी अचूकतेच्या, मोठ्या क्षेत्राच्या प्लेटा घेतल्या आणि हॉलंडमध्ये ग्रोनिंगेनला बसून याकोबुस काप्टाइनने त्या मोजल्या, १९००पर्यंत ४,५४,८७५ ताऱ्यांची सूची छापून तयार. लवकर झालं, लगेच वापरात आलं. फक्त अचूकता इतकी की शंभर वर्षांनी त्यातून ताऱ्यांची चाल काढायला ती पुरत नाही.

आणि चाल हाच तर खरा मुद्दा ठरला. प्रत्येक तारा आकाशात अगदी सावकाश सरकतो, त्याला निजगती म्हणतात. ती मोजायची तर दोन वेळची जागा हवी आणि मधला काळ जितका जास्त तितकं उत्तर बरं. १९८९ला युरोपने हिप्पार्कोस उपग्रह सोडला, त्याने १९९३पर्यंत साधारण साडेतीन वर्षं वेध घेतले. मुख्य यादीत १,१८,००० च्या वर तारे अतिशय अचूक, आणि त्याच उपग्रहावरच्या दुसऱ्या साधनाने, टायको म्हणतात त्याला, आणखी कितीतरी जास्त तारे थोड्या कमी अचूकतेने. या टायकोच्या ताऱ्यांची आजची जागा मिळाली पण साडेतीन वर्षांत ते सरकले किती हे नीट सांगता येईना. जुनी जागा कुठून आणायची? जगात एकच साठा होता ज्यात आख्खं आकाश, इतके तारे, इतक्या जुन्या काळचे, सगळे एकाच प्रमाणाचे. तो म्हणजे कार्त दु सिएलची सूची, २५४ छापील खंड.

इथे १८८७चा आणखी एक निर्णय कामाला आला. बहुतेक खंडांमध्ये ताऱ्यांचे विषुवांश-क्रांती, म्हणजे आकाशातले रेखांश-अक्षांश, काढून छापलेलेच नाहीत, प्लेटवर मोजलेले एक्स आणि वाय तसेच्या तसे छापलेत मिलिमीटरच्या हिशेबात. तेव्हा यावरून खूप नाराजी होती, कारण खंड उघडून ताऱ्याची जागा थेट मिळत नाही, आधी गणित करा. पण ते गणित ज्या संदर्भ ताऱ्यांवर चालायचं त्यांच्या जागाच त्या काळी पुरेशा अचूक नव्हत्या, म्हणजे तयार उत्तरं छापली असती तर त्या चुका कायमच्या मिसळून गेल्या असत्या. कच्ची मापं छापल्यामुळे शंभर वर्षांनी ती पुन्हा सोडवता आली. मॉस्कोच्या श्टर्नबर्ग संस्थेत लोकांनी ते खंड आकड्यामागून आकडा टाइप करून कॉम्प्युटरवर घेतले. मग वॉशिंग्टनच्या नेव्हल ऑब्झर्व्हेटरीने हिप्पार्कोसच्या अचूक ताऱ्यांना त्यांच्या गतीने मागे नेऊन, समजा १९१६ला ते कुठे होते ते काढून, त्यांच्या आधारावर प्रत्येक प्लेट नव्याने बसवली. भिंगाचे दोष, प्लेटचा तिरपेपणा, तेजस्वितेप्रमाणे होणारी सरक, सगळं वेधशाळेगणिक शोधून काढलं. त्यातून ४६ लाखांवर ताऱ्यांची नवी यादी झाली, एसी २०००. आणि ती टायकोच्या जागांशी जोडून २००० साली टायको-२ आली, २५ लाख तारे निजगतीसकट.

आकड्यांत बघा. जुन्या मोजणीत ०.२ आर्कसेकंदांची (आर्कसेकंद म्हणजे आर्कमिनिटाचा साठावा भाग) चूक धरली, म्हणजे प्लेटवर साधारण ३ मायक्रॉन, आणि मधली वर्षं ८५ धरली, तर वर्षाला चूक येते साधारण २.४ मिलिआर्कसेकंद. टायको-२ची जाहीर अचूकता जवळपास तेवढीच आहे, २.५. म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीला ताऱ्यांच्या गतीची जी सगळ्यात मोठी चांगली यादी होती तिची अचूकता बऱ्याच अंशी काचेवरच्या त्या ५ मिलिमीटरच्या जाळीने ठरवली होती. आणि त्या यादीत क्रांती उणे १७ ते उणे २३ मधले तारे जेव्हा येतात तेव्हा त्यांची जुनी जागा बेगमपेटहून आलेली असते.

वेधशाळेने माणूसही घडवला हे राहूनच जायला नको. मनाली कक्कुझी बाप्पू तिथे साहाय्यक होते, त्यांचा मुलगा वेणू त्या घुमटाच्या आसपास वाढला, निजाम कॉलेजात शिकला, हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेला आणि १९४९ला तिथल्या एका फोटो प्लेटवर त्याला धूमकेतू सापडला, तो बाप्पू-बॉक-न्यूकर्क. पुढे कावलूरची वेधशाळा आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था उभी करणारे वेणू बाप्पू ते हेच.

नंतर ताऱ्यांच्या जागा मोजणारा गाया उपग्रह आला, २०१३च्या डिसेंबरात सोडलेला आणि २०२५मध्ये थांबवलेला, त्याने जवळपास १८० कोटी ताऱ्यांची मोजणी केली आणि निजगती त्याच्या स्वतःच्याच निरीक्षणांतून निघते, त्याला जुन्या प्लेटांची गरज नाही. मग त्या प्लेटांचं काय असं कोणी विचारलं तर उत्तर आहे जोडतारे. ज्या जोडीला एक फेरी पुरी करायला शंभर-दोनशे वर्षं लागतात तिच्यातला तारा सरळ न जाता किंचित वळत जातो, आणि गायाच्या दहा-अकरा वर्षांच्या तुकड्यात ते वळण सरळ रेघेसारखं दिसतं. १९१४ची जागा त्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला ठेवली की मोठं वळण असेल तर उघड होतं. त्यासाठी छापील आकडे पुरतातच असं नाही, मूळ काचा पुन्हा चांगल्या स्कॅनरवर घेतल्या तर त्यांतून आधीपेक्षा अचूक जागा निघतात, युरोपात काही वेधशाळांनी ते करून दाखवलंय. आपल्या देशात काढलेल्या ताऱ्यांच्या ज्या ज्या काचेच्या प्लेटा कुठे कपाटात असतील, हैदराबादच्या, कोडाईकॅनॉलच्या किंवा आणखी कुठल्या, त्या बुरशी लागायच्या आत, थर सुटायच्या आत स्कॅन व्हायला हव्यात, आणि स्कॅन करताना प्लेटच्या पाकिटावरची तारीख, वेळ, एक्स्पोजर आणि निरीक्षकाच्या हातची टिपणंही सोबत घ्यायला हवीत, कारण वेळ माहीत नसेल तर प्लेटवरच्या जागेचा निजगतीसाठी काही उपयोग नाही.